तीस घरांचा रस्ता

एस. टी.ने प्रवास करताना हा अनुभव तुम्हांला कधी ना कधी आला असेलच. गाडी चांगली वेगात चाललेली असते. एकाएकी चालक ब्रेक दाबतो. पुढे वाहनांची लांब रांग दिसते. मग दहा मिनिटे गाडी गोगलगाईसारखी सरकत राहते. उभे असलेले प्रवासी वाकून खिडकीतून पाहतात. कोणी म्हणतो, "पुढे अपघात झालेला दिसतोय." दुसरा म्हणतो, "उसाची ट्रॉली उलटली असेल." एवढ्यात रांग मोकळी होते, गाडी पुन्हा वेग घेते आणि सगळे टकमक पाहतच राहतात. रस्त्यावर काहीच नसते! ना अपघात, ना उलटलेली ट्रॉली, ना पोलीस. मग गाडी अडली होती तरी कशाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मोठी प्रयोगशाळा नको. एक पुठ्ठा, कोनमापक, मूठभर चिंचोके आणि एक फासा एवढे साहित्य पुरे. आपण एक पट मांडणार आहोत आणि त्यावर रस्ता खेळणार आहोत.

पट मांडून काही शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सापशिडी तर तुम्ही लहानपणापासून खेळता. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. त्यातल्या शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. खेळता खेळता मुलांना पापपुण्याची ओळख व्हावी हा हेतू. संत ज्ञानेश्वरांनी हा पट तयार केला असे परंपरा सांगते. हाती आलेले जुने पट मात्र त्या मानाने बरेच अलीकडचे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि तिथून जगभर पसरला. पण आपल्या कामाच्या दृष्टीने सापशिडीत एक मोठा दोष आहे. तीत खेळणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. दान पडेल तसे जायचे, साप गिळील तिथे उतरायचे. रस्त्यावर तसे नसते. तिथे थोडे दैव असते आणि बरेचसे आपले ठरवणे असते. तेव्हा आपला पट निराळा हवा.

तो १९९२ साली काई नागेल आणि मायकेल श्रेकेनबर्ग या दोन जर्मन पदार्थवैज्ञानिकांनी सुचवला. त्यांनी तो संगणकासाठी मांडला होता आणि पुढे जर्मनीतील मोठ्या रस्त्यांवरील वाहतुकीचे अंदाज बांधण्यासाठी त्याचा उपयोगही झाला. पण त्याचे नियम इतके सोपे आहेत, की संगणकाऐवजी नववीचा वर्गही ते पाळू शकेल.

पट असा मांडा

पुठ्ठ्यावर एक मोठे वर्तुळ काढा. त्याच्या आत दुसरे लहान वर्तुळ काढा, म्हणजे मध्ये एक गोल पट्टा तयार होईल. हा आपला रस्ता. कोनमापकाने दर १२ अंशांवर खुणा करून पट्ट्याचे तीस भाग पाडा. झाली तीस घरे. एक घर म्हणजे रस्त्याचा साडेसात मीटरांचा तुकडा, म्हणजे एक मोटार आणि तिच्या मागेपुढे थोडी मोकळी जागा. एका घरात एकच सोंगटी राहील. सोंगटी म्हणून चिंचोका चालेल, सदऱ्याचे बटणही चालेल. मात्र प्रत्येकाला आपली ओळखता आली पाहिजे. एक डाव म्हणजे एक सेकंद.

सोंगटीचा वेग तीनच प्रकारचा: शून्य, एक किंवा दोन घरे. दोन घरे म्हणजे सेकंदाला १५ मीटर, अर्थात ताशी ५४ किलोमीटर. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर साधारण एवढाच वेग असतो. एक घर म्हणजे त्याच्या निम्मा, ताशी २७.

आता नियम ऐका. प्रत्येक डावात आधी, वेग दोनपेक्षा कमी असेल तर तो एकाने वाढवायचा, कारण मोकळा रस्ता दिसला की जो तो वेग वाढवतोच. मग पुढच्या सोंगटीपर्यंत किती घरे रिकामी आहेत ते मोजायचे आणि वेग त्याहून जास्त असेल तर तेवढ्यावर आणायचा. नाहीतर टक्कर होईल. त्यानंतर फासा टाकायचा. एक पडला तर वेग आणखी एकाने कमी करायचा. हा फासा म्हणजे माणसाचा स्वभाव. कोणाचे लक्ष रस्त्याकडेच्या पाटीकडे जाते, कोणाला खड्डा दिसतो, कोणी खिशातला फोन चाचपतो. शेवटी सर्वांनी आपापली सोंगटी ठरलेली घरे पुढे न्यायची. या शेवटच्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. आधी सर्वांनी वेग ठरवायचा आणि मग सर्वांनी एकदम हलायचे. एकाने हलून दुसऱ्याने मग मोजणी केली तर सगळा खेळ बिघडतो. यासाठी एक पंच नेमावा आणि त्याने "वेग!" व "चला!" असे दोन पुकारे करावेत. आणखी एकाने पटावरील एका रेषेपाशी बसून ती ओलांडून किती सोंगट्या गेल्या ते मोजावे.

पहिल्या खेळात फासा बाजूला ठेवा. पाच सोंगट्या सारख्या अंतरावर मांडा आणि सर्वांचा वेग दोन आहे असे धरून तीस डाव खेळा. तीस डावांत प्रत्येक सोंगटी साठ घरे जाईल, म्हणजे दोन फेऱ्या करील. रेषा ओलांडणाऱ्या सोंगट्या होतील दहा. आता दहा सोंगट्या मांडा, दर तिसऱ्या घरात एक. प्रत्येकीच्या पुढे दोन घरे रिकामी आहेत, तेव्हा कोणी अडत नाही. मोजणी वीस भरेल. वाहने दुप्पट, वाहतूकही दुप्पट. इथपर्यंत सारे मनासारखे झाले.

मग पंधरा सोंगट्या घ्या, एकाआड एक. आता पुढे एकच घर मोकळे असल्याने सगळ्यांचा वेग एकावर येतो. मोजणी किती? पंधरा. म्हणजे सोंगट्या वाढल्या, पण रस्त्यावरून पार पडणारी वाहने कमी झाली! वीस सोंगट्या घेऊन पाहा (दोन घरे भरलेली, एक रिकामे अशा रीतीने मांडा). अर्ध्या वेळा उभे राहावे लागेल आणि मोजणी भरेल फक्त दहा. पाच सोंगट्यांनी जे काम केले तेच वीस सोंगट्यांनी केले आणि तेही चौपट वेळ रखडत. पहिल्या खेळात एका फेरीला पंधरा सेकंद लागत होते, आता साठ लागतात.

हे नुसते पटावरचे आहे असे समजू नका. ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने रस्त्यावरील वाहनांची कॅमेऱ्याने चित्रे घेऊन १९३५ साली वाहनांची दाटी आणि वेग यांचा संबंध दाखवला होता. दाटी वाढते तसा वेग उतरतो. आणि एका मर्यादेनंतर रस्ता जितका भरावा तितके त्याच्यातून कमी बाहेर पडते. आठवडे बाजाराच्या दिवशी बारामतीच्या एखाद्या पुलाच्या तोंडाशी उभे राहा म्हणजे हा सिद्धान्त डोळ्यांनी दिसेल. बारामती हे कऱ्हा नदीकाठचे गाव. शिवाय नीरा डावा कालवाही गावातून जातो. नदी किंवा कालवा ओलांडायचा म्हणजे पूल गाठायला हवा, त्यामुळे चहूकडची वाहने मोजक्या घरांवर एकवटतात. लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली कोनिग्झबर्ग शहराच्या सात पुलांचे प्रसिद्ध कोडे सोडवले ते अशाच नकाशावरून. तुमच्या गावाचे पूल, मोऱ्या आणि चौक एवढेच कागदावर ठिपके व रेषांनी काढून पाहा. कोणता एक पूल बंद झाला तर किती जणांना वळसा पडेल ते पटकन कळते.

ब्रेक मागे मागे पळतो

आता फासा हातात घ्या. दहा सोंगट्या, दर तिसऱ्या घरात एक, सर्वांचा वेग दोन. पण पहिल्यांदा फासा एकाच खेळाडूने, एकाच वेळी टाकायचा आणि त्याला एक पडला असे धरायचे. त्या सोंगटीला आपण 'अ' म्हणू. अ दोनऐवजी एकच घर सरकली. बाकीच्या नऊ दोन-दोन घरे सरकल्या. तेव्हा अ आणि तिच्या मागची ब यांच्यात आता एकच घर उरले. पुढच्या डावात अ पुन्हा दोनच्या वेगाने निघून जाते, कारण तिच्यापुढे रस्ता मोकळाच आहे. पण ब-ला वेग एक करावा लागतो. तिच्या डावानंतर क अडते. मग ड. अशा रीतीने ब्रेक एका सोंगटीवरून मागच्या सोंगटीवर जात राहतो.

ब्रेक पटावर कोणत्या घरात लागला, ती घरे पेन्सिलीने खुणावून ठेवा. गंमत दिसेल. सोंगट्या पुढे चालल्या आहेत, पण ब्रेकची जागा प्रत्येक डावाला एक घर मागे सरकते आहे. म्हणजे अडथळ्याची एक लाटच वाहतुकीच्या उलट दिशेने चालली आहे! नऊ डावांत बाकीच्या नऊही सोंगट्या एकेकदा ब्रेक लावतात आणि मगच लाट विरते. ज्याच्यामुळे हे घडले तो अ मात्र मजेत पुढे निघून गेलेला असतो. त्याला मागे काय झाले याचा पत्ताही नसतो.

आता सर्वांना फासा टाकू द्या. एक लाट विरते न विरते तोच दुसरी उठते. दोन लाटा एकमेकींत मिसळून काही सोंगट्या पार थांबतातसुद्धा. मोजणी वीसवरून खाली येते. किती खाली ते प्रत्येक खेपेस वेगळे असेल. म्हणूनच हा खेळ तीन-चारदा खेळून सरासरी काढावी.

आपल्या एस. टी.च्या चालकाने ब्रेक दाबला तो अशाच एका लाटेत सापडून. जिथे मूळ ब्रेक लागला ती जागा पुढे कुठेतरी होती आणि ज्याने तो लावला तो कधीच पुढच्या गावाला पोचला होता. मग खिडकीतून दिसणार काय?

जपानी शास्त्रज्ञांनी हा प्रयोग खऱ्या मोटारींनी केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी सारख्या अंतराने उभ्या केल्या. चालकांना सांगितले, ताशी सुमारे ३० किलोमीटर या सारख्या वेगाने फिरत राहा. ना सिग्नल, ना चौक, ना खड्डा. तरीही थोड्याच वेळात काही मोटारी थांबू लागल्या आणि थांबलेल्यांचा तो पुंजका वर्तुळावर उलट दिशेने सरकू लागला. २३० भागिले २२ करून पाहा. प्रत्येक मोटारीच्या वाट्याला साडेदहा मीटरही येत नव्हते. आपल्या पटाच्या भाषेत दीड घरापेक्षा कमी.

उसाची सोंगटी

आता हा पट थोडा आपल्या मुलखातला करू. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. वाटेत काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी गावे. हा सगळा उसाचा पट्टा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे साखर कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. गळीत हंगाम सुरू झाला, की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. याच दिवसांत शाळाही भरात असते. सायकलवर, एस. टी.त, कोणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसून मुले शाळा-कॉलेज गाठतात ती याच रस्त्यांवरून.

दहा सोंगट्यांपैकी एक काढा आणि तिच्या जागी सागरगोटा ठेवा. हा ट्रॅक्टर. त्याचा वेग एकच्या पुढे कधी जाणार नाही. ओलांडून जायला बंदी. खेळून पाहा. हळूहळू सगळ्या सोंगट्या सागरगोट्याच्या मागे गोळा होतात आणि तीस डावांची मोजणी वीसवरून दहावर येते. एका ट्रॅक्टरने सगळा रस्ता निम्म्यावर आणला.

यात ट्रॅक्टरवाल्याचा दोष नाही, हे आधी लक्षात घ्या. तोडलेला ऊस वाळण्याआधी कारखान्यात पोचायला हवा आणि ओझे घेऊन ट्रॅक्टर याहून जोरात पळवला तर तो उलटेल. पण मागच्या सोंगटीवाल्याची चुळबूळ तुम्ही पटाभोवतीही पाहाल. कोणीतरी म्हणेलच, "सर, मी ओलांडू का?"

ओलांडा, पण हिशोब करून. पटाला लागून उलट दिशेच्या रहदारीचा दुसरा पट्टा काढा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून तीन घरे व्यापतात असे धरू. तुम्ही त्याच्या मागे एक घर सोडून आहात आणि ओलांडल्यावर पुढेही एक घर सोडून आपल्या बाजूला येणार आहात. म्हणजे ट्रॅक्टरच्या तुलनेत तुम्हांला सहा घरे जास्त जायचे आहे. तुमचा वेग दोन, त्याचा एक. तेव्हा दर सेकंदाला एकच घर मिळवाल. एकूण लागले सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत तुम्ही बारा घरे जाल, म्हणजे ९० मीटर. समोरून येणारी गाडीही तेवढ्याच वेगाची असेल तर तीसुद्धा ९० मीटर पुढे येईल. अर्थात समोर निदान १८० मीटर रस्ता पूर्ण मोकळा दिसल्याशिवाय ओलांडता येणार नाही. तीस घरांचा आपला सगळा पट २२५ मीटरांचा आहे! वर्गाबाहेर मैदानावर मीटरपट्टीने १८० मीटर मोजून दोन टोकांना दोन मुले उभी करा. एवढे अंतर असेल असे बहुतेकांना वाटलेले नसते.

इथे आपल्या पटाची एक लबाडी मला सांगितलीच पाहिजे. नियमाप्रमाणे दोनच्या वेगाची सोंगटी पुढे घर नसेल तर जागच्या जागी थांबते. खरे वाहन असे थांबत नाही. समोरचे दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत समजा एक सेकंद गेला; त्यात १५ मीटर सरले, दोन घरे. मग ब्रेक लागून वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होऊ लागला. शाळेत शिकलेले समीकरण वापरा: वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. २२५ भागिले १० म्हणजे साडेबावीस मीटर, तीन घरे. एकूण पाच घरे, साडेसदतीस मीटर.

हाच हिशोब ताशी १०८ किलोमीटर या दुप्पट वेगासाठी करा. विचार करण्यात चार घरे आणि ब्रेकमध्ये तिपटीऐवजी चौपट, म्हणजे बारा घरे. एकूण सोळा. वेग दुप्पट, पण थांबण्याचे अंतर तिपटीहून अधिक! उलट ताशी २७ला दोन घरेसुद्धा लागत नाहीत. मोटारसायकल शिकलेल्या थोरल्या भावाला हे तीन आकडे दाखवा. (अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना मिळत नाही, आणि २०१९ साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.)

आता रात्रीचा डाव खेळू. पटावर एक पुठ्ठ्याची झडप ठेवा, म्हणजे खेळणाऱ्याला आपल्या पुढची पाचच घरे दिसतील. मंद केलेल्या दिव्याचा झोत समजा एवढाच पोचतो. रस्त्यावर एक ट्रॉली चाक निखळून उभी आहे. मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, उसाची टोके बाहेर आलेली. पाच घरांवर ती दिसली तर ताशी ५४चा स्वार अगदी टेकता टेकता थांबेल. त्याहून थोडाही वेग जास्त असेल, रस्ता दवाने ओला असेल, तो क्षणभर बेसावध असेल, तर थांबणार नाही. त्या ट्रॉलीला मागे परावर्तकाची एक पट्टी असती तर झडप पंधरा-वीस घरे मागे सरकली असती. पट्टीची किंमत उसाच्या एका मोळीच्या आसपास असेल. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीवरचे सर्वांत जास्त होते. हा आकडा वाचून सोडून देण्याजोगा वाटतो. झडप ठेवून एकदा खेळले की तसा वाटत नाही.

चाळीस जणांची शर्यत

वर्गात चाळीस मुले असतील तर आणखी एक खेळ जरूर खेळावा. फळ्यावर डावीकडे 'शाळा' आणि उजवीकडे 'बाजार' लिहा. दोन वाटा काढा. वरची वाट 'क' गावातून जाते, खालची 'ख' गावातून. शाळा ते क हा रस्ता अरुंद आहे. त्यावर जितकी मुले जातील तितकी मिनिटे लागतील. क ते बाजार रस्ता लांबचा पण रुंद. कितीही जण गेले तरी ४५ मिनिटे. खालच्या वाटेला उलटे: शाळा ते ख नेहमी ४५ मिनिटे आणि ख ते बाजार अरुंद, माणशी एक मिनिट. प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली वाट लिहायची आणि आपला वेळ कमीत कमी व्हावा असे पाहायचे. चारदोन फेऱ्यांत वर्ग आपोआप वीस-वीस असा विभागला जाईल. प्रत्येकाला वीस अधिक पंचेचाळीस, म्हणजे ६५ मिनिटे.

आता सरकारने क आणि ख यांच्यामध्ये एक सुरेख पूल बांधला. तो ओलांडायला जवळजवळ वेळच लागत नाही. हुशार मुलगा लगेच म्हणेल, "मी दोन्ही अरुंद रस्ते पकडतो: एकवीस आणि वीस, एक्केचाळीस मिनिटांत पोचलो!" त्याचे पाहून दुसरा, तिसरा. बघता बघता चाळीसही जण तीच वाट धरतात. मग पहिल्या अरुंद रस्त्याला ४० मिनिटे, दुसऱ्याला ४०. प्रत्येकाला ८० मिनिटे! एखाद्याने जुन्या वाटेला परतायचे ठरवले तर त्याला ४५ अधिक ४०, म्हणजे ८५ लागतात, तेव्हा परततही कोणी नाही. नवा पूल झाला आणि सर्वांचाच वेळ पंधरा मिनिटांनी वाढला.

हा विरोधाभास डीट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवून दिला. प्रत्येक नवा पूल असाच उलटा फिरतो असा याचा अर्थ नव्हे; बहुतेक पूल उपयोगाचेच असतात. पण दक्षिण कोरियातील सोल शहरात २००३ साली एक उंचावरचा हमरस्ता पाडून त्याखालचा झाकलेला ओढा उघडा करायचे ठरले तेव्हा लोकांना प्रचंड कोंडीची भीती वाटली होती. २००५ साली ओढा खुला झाला. ती कोंडी झाली नाही. अर्थात मधल्या काळात तिथली बससेवाही सुधारली होती, हे विसरून चालणार नाही.

बसचा हिशोब आपल्या पटावर अगदी सोपा आहे. एक एस. टी. दोन घरे अडवते आणि तीत समजा ४४ जण बसले. तेच ४४ जण चार-चार करून मोटारींतून निघाले तर अकरा मोटारी, अकरा घरे. दोन-दोन करून मोटारसायकलींवर बसले आणि एका घरात दोन मोटारसायकली शेजारी शेजारी मावल्या, तरीही अकरा घरे. दहा सोंगट्यांनंतर पट कसा बिघडतो ते आपण पाहिलेच आहे.

आणि पायी चालणाऱ्यांचे काय? संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच बारामती-इंदापूरच्या वाटेने जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि मग सराटीला नीरास्नान. त्या दिवसांत रस्त्यावर वाहन जवळजवळ नसतेच. ढोबळ हिशोब करू. एक मीटर रुंदीतून सेकंदाला एक माणूस सहज चालत जातो. साडेतीन मीटरांच्या एका पदरातून तासाला १२,६०० माणसे झाली. आपल्या पटावर सगळ्यात सुरळीत खेळातही मिनिटाला चाळीस, म्हणजे तासाला २,४०० मोटारी जात होत्या. प्रत्येकीत चार जण बसले तरी ९,६०० माणसेच. दिंडी मोटारींना हरवते! वेगात नव्हे, संख्येत. इंदापूरला पोचायला दिंडीला काही दिवस लागतात आणि मोटारीला तासभर; म्हणून रोजच्या कामाला पन्नास किलोमीटर कोणी चालणार नाही. पण घर ते शाळा एक किलोमीटर असेल तर प्रश्न निराळा होतो. या मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले, आणि वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना चालण्याची वेगळी वाट त्या योजनेतच आहे. मोठ्या रस्त्याला जे सुचले ते शाळेसमोरच्या रस्त्याला का सुचू नये?

शिक्षकांसाठी एक सूचना. या खेळांत एकाला जिंकवू नका. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी जमिनीच्या मक्तेदारीचे तोटे समजावेत म्हणून एक पट तयार केला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. त्याच्यातूनच पुढे १९३५ साली 'मोनोपॉली' हा खेळ बाजारात आला. आज तो खेळणारी मुले मक्तेदारी कशी मिळवावी हेच मन लावून शिकतात! तेव्हा गुण सोंगटीला न देता मोजणीला द्यावेत. तीस डावांत रेषा ओलांडून किती गेल्या, तोच सगळ्या वर्गाचा गुण. एका वर्गाने दुसऱ्या तुकडीशी स्पर्धा करावी. फासा तोच, पट तोच. मात्र सोंगट्यांची संख्या, बस किती, ट्रॅक्टर किती आणि त्याला बाजूला थांबायला एक रिकामे घर कुठे काढायचे, हे वर्गाने ठरवावे.

पट तयार झाला, की शाळेच्या कुंपणाच्या आत उभे राहून पाच-पाच मिनिटे समोरच्या रस्त्याची मोजणी करा: सायकली, मोटारसायकली, मोटारी, बस, ट्रॅक्टर, पायी जाणारे. एकदा शाळा भरताना आणि एकदा दुपारी. तेच आकडे सोंगट्यांसाठी वापरा. आणि हंगामात संध्याकाळी मोजणी केलीत तर आणखी एक रकाना आखा: मागे लाल परावर्तक असलेल्या ट्रॉल्या किती आणि नसलेल्या किती.